चौथा चरण

माझा भाचा रॅप करतो हे मला 2019 साली माझ्या बहिणीने सांगितले, आणि सांगण्यापूर्वी तिने स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले. मी रागावेन असे तिला वाटले होते. गेली 30 वर्षे मी गावात भजन शिकवतो, पखवाज वाजवतो, कला अकादमीच्या भजन स्पर्धेसाठी मुलांची पथके तयार करतो, आणि एका शब्दाचा उच्चार जरी घसरला तरी गाणे मध्येच थांबवतो, हे तिला माहीत आहे. पण मी रागावलो नाही. मला भीती वाटली. रॅप म्हणजे तालात बोलणे एवढे मी ऐकून होतो, आणि हा मुलगा एकदा बोलू लागला तर कशाबद्दल बोलेल हे मला नऊ वर्षांपासून ठाऊक होते.

हे लिहिण्यापूर्वी मी त्याला विचारले आहे. स्वतःचे आणि गावाचे नाव येणार नाही या अटीवर तो तयार झाला. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले, लोहखनिजाच्या खाणींच्या भागातले एक गाव, एवढे वाचकाला पुरे व्हावे.

2010 च्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझे मेहुणे त्याला शाळेत सोडायला निघाले होते. तो सात वर्षांचा होता आणि स्कूटरवर वडिलांच्या पुढ्यात उभा होता. मागून खनिजाने भरलेले दोन ट्रक येत होते, आणि मागचा ट्रक पुढच्याला ओलांडू पाहत होता. मूल कडेच्या गटारात फेकले गेले आणि त्याला जेमतेम खरचटले. मेहुणे जागच्या जागी गेले. माणसे धावून येईपर्यंतची काही मिनिटे तो एकटा वडिलांजवळ बसून होता. त्या मिनिटांत त्याने काय पाहिले ते मी येथे लिहिणार नाही, कारण ते त्याचे आहे आणि ते कधी, कोणाला, किती सांगायचे हे त्याने ठरवायचे आहे.

मागचा ट्रक पुढच्याला का ओलांडत होता, हे मात्र मला लिहिले पाहिजे. चीनमधल्या पोलादाच्या कारखान्यांची भूक तेव्हा शिगेला पोचली होती, आणि 2010-11 या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले. ते सारे खनिज खाणीवरून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत ट्रकांतून यायचे, तेथे बार्जमध्ये भरले जायचे आणि मांडवीतून मुरगावच्या दिशेने जायचे. एका ट्रकात सुमारे 10 टन माल मावायचा आणि पैसे खेपेवर मिळायचे. दिवसाच्या खेपा जितक्या जास्त तितकी कमाई जास्त, म्हणून काट्यावर वजनाला आणि धक्क्यावर रिकामे व्हायला आपला नंबर आधी लागावा यासाठी चालक एकमेकांना मागे टाकत. गावचा तो अरुंद रस्ता, त्यावरून शाळेत जाणारी मुले आणि दर मिनिटाला जाणारे ट्रक यांचा हिशेब कोणी मांडला नव्हता, कारण त्या ट्रकांतले बरेचसे आमचेच होते. ज्याच्या घरी आधी दोन म्हशी होत्या त्याच्या दारात बँकेच्या कर्जावर घेतलेला ट्रक उभा होता. एक माझ्याही दारात होता.

मेहुण्यांना चिरडणारा ट्रक माझा नव्हता. तो गावातल्याच एका माणसाचा होता, आणि तो माणूस वाईट नव्हता. तो आमच्या घरी आला, ओट्यावर बसून रडला, दिवसकार्याचा खर्च त्याने उचलला, बहिणीला पुढे काही कमी पडू देणार नाही असे म्हणाला आणि बऱ्याच अंशी तो शब्द त्याने पाळला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले की भांडायचे नाही. मीही त्यांच्यात होतो. पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी पोलीस शिपाई घरी आला तेव्हा मूल माझ्या मांडीवर होते. शिपायाने अगदी सौम्यपणे त्याला विचारले की बाळा, तू काय पाहिलेस. त्याने तोंड उघडले. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "ओगी राव, पुता."

कोकणीतला हा 'ओगी' म्हणजे जुन्या मराठीतला 'उगी', आणि 'राव' म्हणजे राहा. रडणाऱ्या मुलाला थोपटताना आया म्हणतात तो, आणि बोलू पाहणाऱ्याला गप्प करताना मोठी माणसे म्हणतात तोही. मी कोणत्या अर्थाने म्हणालो? पुष्कळ वर्षे मी स्वतःला पहिला अर्थ सांगत आलो. शिपायाला मी म्हणालो की तो लहान आहे, त्याला काय कळते, त्याने काही पाहिलेले नाही. भारतीय पुरावा अधिनियम 1872 सालचा होता आणि त्याच्या कलम 118 नुसार प्रश्न समजून नीट उत्तर देऊ शकणारे मूल साक्ष देऊ शकत होते. कायदा त्याचे ऐकायला तयार होता. मामा तयार नव्हता. दोन ट्रक शर्यत लावून येत होते हे त्या मुलाने सांगितले असते तर गावाने रस्ता अडवला असता, ट्रक थांबले असते, आणि माझ्या ट्रकाचे अजून तीन वर्षांचे हप्ते बाकी होते. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षे लागली आहेत.

2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या. मध्ये काही काळ त्या पुन्हा चालल्या, मग 2018 च्या निकालाने 88 खाणपट्टे रद्द झाले आणि त्या वर्षीच्या मार्चपासून सारे पुन्हा बंद पडले. माझा ट्रक अंगणात गंजला आणि भंगारात गेला. ज्याच्यासाठी मी एका मुलाचे तोंड मिटवले होते ते असे संपले. मूल मात्र मिटलेलेच राहिले.

अपघातानंतर दीड-दोन महिने ते एक शब्दही बोलले नाही. मग बोलू लागले ते अडखळत. शब्दाचे पहिले अक्षर त्याच्या ओठांवर येऊन अडायचे, मान ताठ व्हायची, डोळ्यांत पाणी यायचे, आणि तोवर समोरचा माणूस तो शब्द स्वतःच पुरा करून मोकळा व्हायचा. वर्गात त्याला मोठ्याने वाचायला सांगणे हळूहळू बंद झाले. एका शिक्षकांनी बहिणीला सांगितले की मुलगा मंद आहे. तो मंद नव्हता. त्याच्या वहीत तिसरीतच अशी वाक्ये होती की ती वाचून मी वही मिटून ठेवायचो.

भजनाला त्याला मी आणले ते कशासाठी, हे मलाही नेमके सांगता येणार नाही. तो संध्याकाळी घरी एकटा बसू नये, एवढाच विचार असेल. कोपऱ्यात बसून तो कासाळी, म्हणजे आमच्याकडची मोठी झांज, वाजवायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी गजर चालू असताना माझ्या कानावर त्याचा आवाज पडला. साऱ्या मुलांबरोबर तो अभंगाचा चरण म्हणत होता, आणि एकही अक्षर अडत नव्हते. मी ठेका वाजवत राहिलो, कारण थांबलो असतो तर तोही थांबला असता. पुढे बांबोळीच्या डॉक्टरांनी मला समजावले की अडखळत बोलणाऱ्या पुष्कळ माणसांची जीभ तालात बोलताना, गाताना किंवा इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना मोकळी होते, आणि ताल थांबला की बहुतेकदा पुन्हा अडते. तसेच झाले. भजनात तो स्वच्छ म्हणायचा आणि मंदिराच्या पायऱ्या उतरताना मला "मामा" म्हणायला त्याला तीन प्रयत्न लागायचे.

मी त्यावर समाधानी होतो. आता वाटते, ते समाधान माझ्या सोयीचे होते. अभंगातले शब्द संतांचे असतात. ते पवित्र आहेत, सुंदर आहेत, आणि त्यांत त्या फेब्रुवारीतली सकाळ नाही. मी त्याला ताल दिला, पण स्वतःचे शब्द त्यात घालायची मुभा दिली नाही. ती त्याने दुसरीकडून मिळवली.

डिचोलीच्या आयटीआयमध्ये शिकत असताना मित्राच्या फोनवर त्याने मुंबईच्या वस्त्यांमधल्या मुलांचे रॅप ऐकले. त्याने मला नंतर सांगितले की त्याचे लक्ष शब्दांकडे गेलेच नव्हते. एक मुलगा पखवाजासारख्या ठोक्यावर, गायल्याशिवाय, निव्वळ बोलतो आहे आणि अडत नाही, हे पाहूनच त्याचा श्वास थांबला. घरी येऊन त्याने दार बंद केले, फोनवर फुकट मिळणारा एक बीट लावला आणि त्यावर स्वतःचे पूर्ण नाव, घराचा पत्ता आणि शाळेतला हजेरी क्रमांक म्हणून पाहिला. सारे एका दमात बाहेर आले. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने स्वतःचे नाव प्रथम न अडखळता उच्चारले ते असे, चार भिंतींत, कोणीही ऐकत नसताना.

त्यानंतर त्याने या कलेचा अभ्यास भजनाच्या शिस्तीने केला, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात 11 ऑगस्ट 1973 च्या रात्री एका इमारतीत झालेल्या मेजवानीपासून या परंपरेची सुरुवात मानतात, हे मला त्यानेच सांगितले. गरीब, काळ्या आणि स्थलांतरित कुटुंबांतली ती मुले, जळालेल्या घरांची ती वस्ती, आणि तबकडीवरचा तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून केलेला नाच, असे सारे तो मला सांगत होता, आणि सांगताना अडखळतही होता, पण त्याने वाक्य अर्ध्यावर सोडले नाही. मीही त्याचे शब्द पुरे केले नाहीत. तेवढे मी तोवर शिकलो होतो.

मग मी गणित मांडले, कारण मला कोणतीही गोष्ट मात्रांत बसवल्याशिवाय कळत नाही. रॅपमध्ये एका 'बार'चे चार ठोके असतात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा म्हणजे दोन बार झाले. एका कडव्याचे सहसा 16 बार, म्हणजे आमची आठ आवर्तने. मिनिटाला 90 ठोक्यांची लय धरली तर ते सारे जेमतेम 43 सेकंदांत संपते. एवढ्या वेळात तो जितके सांगतो तितके मी 30 वर्षांत सांगितलेले नाही.

एक गोष्ट मी येथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण त्याचे गाणे ऐकलेल्या दोन-तीन चांगल्या माणसांनी मला तसे बोलून दाखवले आहे. दुःख भोगले म्हणून तो कलावंत झाला, असे म्हणणे मला मान्य नाही. त्याच्या आजोबांना, माझ्या वडिलांना, शीघ्र ओव्या सुचायच्या. त्याचा कान जन्मतः तयार आहे. वडील असते तरी तो काहीतरी रचत असता, कदाचित जास्त हसरे. त्या सकाळीने त्याला काही दिले नाही. तिने त्याच्याकडून घेतले, आणि जे उरले त्यातून त्याने हे उभे केले. आजही टायरचा कर्कश आवाज आला की त्याचे हात थंड पडतात. रॅपने ते गेलेले नाही, आणि ते जाईल असे तोही म्हणत नाही.

2019 मध्येच बहिणीने त्याला समुपदेशकाकडे नेले होते. त्या बाईंनी त्याला सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, त्या घटनेबद्दल मनात येईल तसे लिहायला सांगितले. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्याबरोबर 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांकडून असेच लिहून घेतले होते. लिहून झाल्यावर लगेच त्या मुलांना अधिक उदास वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचे दवाखान्याचे फेरे इतरांपेक्षा कमी झाले. माझ्या भाच्याने पहिले दोन दिवस कागद कोरा ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिले, आणि त्या रात्री त्याला जो ताप भरला तो पाहून मी बहिणीला म्हणालो की हे थांबव. तिने माझ्याकडे पाहिले आणि पहिल्यांदाच मला म्हणाली, "दादा, आता तू ओगी राव." चौथ्या दिवशी त्याने वही मागून घेतली.

आमच्या घरात बोलणे कोकणीतले आणि वाचणे, लिहिणे, देवापुढे गाणे मराठीतले आहे. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद ठेवली. त्यावरून गोव्यात घरे दुभंगली, पण आमच्या ओट्यावर दोन्ही भाषा मांडीला मांडी लावून बसत आल्या. भाच्याच्या रचनांत मला त्यांचे एक वेगळेच नाते दिसले. तो निवेदन मराठीत करतो, आणि दुसऱ्या कोणाचा आवाज आला की तो कोकणीत येतो. जी माणसे त्याच्याशी त्या दिवसांत बोलली ती कोकणीत बोलली, आणि तो त्यांना उत्तर मराठीत देतो, ज्या भाषेत त्याला लिहिता येत होते आणि ज्या भाषेत त्याला कोणी गप्प केले नव्हते. हे त्याने ठरवून केले का, असे मी विचारले. त्याने थोडा वेळ घेतला आणि म्हणाला की नाही, पण तू म्हणालास तेव्हा कळले.

पणजीत मांडवीच्या काठावर काही मुले संध्याकाळी वर्तुळ करून उभी राहतात आणि एकामागून एक रॅप म्हणतात. त्याला ती सायफर म्हणतात. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. कोणी वास्कोचा, कोणी म्हापशाचा, एक मुलगी फोंड्याहून बसने आलेली. हिंदी, कोकणी, इंग्रजी, मराठी सारे चालते. त्यांतली काही रचना कच्ची होती आणि काहींतल्या शिव्या मला रुचल्या नाहीत. पण एकजण म्हणत असताना बाकीचे ज्या एकाग्रतेने ऐकतात तसे ऐकणे मी भजनाच्या बैठकीतही क्वचित पाहिले आहे. माझ्या भाच्याची पाळी आली तेव्हा बीट लावणाऱ्याचा फोन बंद पडला. ताल गेला. मला वाटले, आता याची जीभ अडेल. त्याने टाच जमिनीवर आपटायला सुरुवात केली, मग त्या फोंड्याच्या मुलीने टाळी धरली, आणि तो म्हणत राहिला.

2022 च्या अखेरीपासून खाणपट्ट्यांचे लिलाव झाले आणि 2024 मध्ये डिचोलीत खनिज काढणे पुन्हा सुरू झाले. गावात पुष्कळांना आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता, कारण बारा वर्षांत येथल्या घरांनी बरेच काही विकले होते. आमच्या रस्त्यावरून पुन्हा ट्रक गेला त्या रात्री तो झोपला नाही. आपल्या खोलीतल्या कपाटात गोधड्या टांगून त्याने आवाज घुमणार नाही अशी जागा केली आहे, तेथे माईक आहे. पहाटे त्याने मला फोन केला आणि एक कडवे म्हणून दाखवले:

लाल वाटेवर
लाल जे सांडले
कोणी न मांडले
हिशेबात

मी अंथरुणात उठून बसलो. ही अक्षरे मी ओळखत होतो. सहा, सहा, सहा आणि चार, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, चौथा चरण आखूड. हा मोठा अभंग होता. मी त्याला हा साचा आठव्या वर्षी झांजेवर शिकवला होता, आणि चौथ्या चरणाला दोन अक्षरे कमी का, असे त्याने विचारल्यावर म्हणालो होतो की तेथे म्हणणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. खाली त्याने घुमटाचा, म्हणजे तोंडाला कातडे मढवलेल्या आमच्याकडच्या मातीच्या वाद्याचा, ठोका घातला होता. घोरपडीच्या कातड्याला कायद्याने बंदी आल्यापासून घुमटे बकऱ्याच्या कातड्याने मढवतात आणि नाद थोडा बदलला आहे; त्याने मात्र माझ्या वडिलांचे जुने घुमट वाजवून ते ध्वनिमुद्रित केले होते.

गेल्या महिन्यात त्याने मला घरी बोलावले. धृपदाची ओळ लिहिलेला कागद त्याने माझ्यापुढे ठेवला:

पाहिले तू काय
विचारे शिपाई
हात फिरे डोई

चौथी ओळ कोरी होती. "ही तुझी आहे, मामा," तो म्हणाला. चार अक्षरे कोणती ते मला विचारावे लागले नाही. मी म्हणालो की तूच म्हण, माझा आवाज कशाला. तो म्हणाला, "ते मी म्हटलेले नाही."

कपाटात दोन माणसे मावत नाहीत. मी एकटा आत बसलो, कानांवर हेडफोन चढवले, आणि गोधड्यांना माझ्या बहिणीच्या घरचा वास येत होता. घुमट वाजले, त्याचे तीन चरण आले, एकही अक्षर अडले नाही, आणि माझी जागा रिकामी गेली. दुसऱ्यांदाही गेली. शब्द ओठांवर येऊन अडणे म्हणजे काय ते मला त्या कपाटात कळले. बाहेरून त्याने माझा शब्द पुरा केला नाही. तो थांबला. तिसऱ्यांदा मी म्हणालो ते दरडावून, नाटकातल्या खलनायकासारखे, कारण असे म्हटलेले शब्द माझे वाटले नसते.

त्याने कपाटाचे दार उघडले.

"तसे न्हय, मामा," तो म्हणाला. "तू रागाने म्हणाला नव्हतास. म-मायेने म्हणाला होतास. तसेच म्हण."

त्याने दार लावले, आणि मी हेडफोनमध्ये घुमटाची वाट पाहू लागलो.